पावणेपाचची पाहुणी

बसस्टँडवर त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. तीस वर्षं काचेच्या खोलीत बसून त्या माइकवर गाड्यांच्या वेळा सांगत आल्या आणि दर वेळी सुरुवात एकच: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्यांचं नाव लक्षबाई पाडलं. निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेल्या घड्याळावरही 'लक्षबाईंना सप्रेम' असंच लिहून आलं. त्यात काही चुकलंय असं कोणाला वाटलं नाही, खुद्द लक्षबाईंनाही नाही.

माणसाला एखादा तरी माज असावा. लक्षबाईंचा माज असा की, त्यांच्या बोलण्यामुळे तीस वर्षांत एकही माणूस चुकीच्या गाडीत बसला नाही. सव्वातीन, साडेतीन, पावणेचार, सगळं कसं निवडलेल्या तांदळासारखं सुटं आणि स्वच्छ. बहिऱ्या म्हातारीलाही कळेल असं बोलायचं, हा त्यांचा नियम. म्हणूनच तर निवृत्तीआधी साहेबांनी त्यांना दोन आठवडे बसवून सगळी गावं आणि सगळ्या वेळा यंत्रात बोलवून घेतल्या. आता लक्षबाई घरी असतात आणि त्यांचा आवाज स्टँडवर कामाला जातो. त्याला सर्दी होत नाही, रजा लागत नाही, आणि तो डबाही मागत नाही.

डबे घरचे मागतात. घरात माणसं पाच: पंच्याऐंशीच्या सासूबाई, नवरा, मुलगा, सून आणि स्वतः लक्षबाई. बारा महिने तेरा काळ पाचांचं शिजायचं, पाचांचं धुवायचं, पाचांच्या चहात पाच तऱ्हांची साखर. साऱ्या जगाला गाडीत बसवून देणारी ही बाई स्वतः एकटी कुठल्याही गाडीत बसली नव्हती. कुठे निघायचं तर पाचही जण निघायचे आणि पाचांच्या पिशव्या हिच्या खांद्यावर. नोकरी संपली तशी त्यांच्या मनानं एक गोष्ट घेतली. दोन दिवस कुठेतरी जायचं आणि एक व्हायचं. पाचातली एक नाही, नुसती एक.

कुठे जायचं हे ठरलेलंच होतं. 'बोटीच्या धक्क्याकडे जाणारी गाडी' त्यांनी तीस वर्षं रोज सोडली होती. त्या धक्क्यावरून एक बोट पलीकडच्या लहानशा बेटावर जाते, संध्याकाळी पावणेपाचला पोचते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत निघते, एवढं त्यांना पाठ होतं. बेटावर काय आहे ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

"तिथं जाऊन करणार काय?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग ते इथंच कर की."

मुलानं हवामान बघितलं, सुनेनं औषधांची पुडी बांधली, आणि दोघांनी मिळून भाकीत केलं की आई दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं परत येणार. एकट्या सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. आणि हे बघ, मला काही आणू नकोस, ठेवायला जागा नाही."

बेटावर राहण्याची सोय करणाऱ्या बाईचा नंबर धक्क्यावरच्या तिकीटवाल्यानं दिला होता. लक्षबाईंनी स्वयंपाकघरातून फोन लावला. चौघंही तिथंच होते, कोणी शेंगा सोलतंय, कोणी उगाच पाणी पितंय, आणि आठही कान फोनकडे. पलीकडे वारा सुटलेला, आवाज येत-जात होता.

"सोमवारी येतोय," लक्षबाई म्हणाल्या. "दोन रात्री."

"या की. किती—" पुढचं वाऱ्यानं नेलं.

"पावणेपाच," लक्षबाईंनी अगदी स्टँडवरच्यासारखं सुटं करून सांगितलं.

"पावणे पाच?" पलीकडचा आवाज एकदम उजळला. "या, या. मासे-बिसे सगळं चालतं ना?"

"सगळं चालतं," लक्षबाई म्हणाल्या आणि समाधानानं फोन ठेवला.

सोमवारी बोट वेळेवर निघाली आणि वेळेवर लागली. उतरणारे मोजकेच होते: दोन मिठाची पोती, एक दुरुस्त केलेला पंखा, ते आणणारी माणसं, आणि हातात एकच पिशवी घेतलेल्या लक्षबाई. धक्क्यावर तिशी-पस्तिशीची एक बाई हातगाडी घेऊन उभी होती. हातगाडी चांगली मोठी, धुतलेली. तिनं लक्षबाईंकडे बघितलं, मग लक्षबाईंच्या मागे बघितलं, मग थेट बोटीच्या पोटात वाकून बघितलं.

"बाकीचे चौघं कुठायत, ताई?"

"कुठले चौघं?"

"तुम्ही म्हणालात ना फोनवर, पावणे पाच म्हणून."

"पावणेपाचच वाजलेत," लक्षबाईंनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

बाईनं घड्याळाकडे बघितलं आणि ती मटकन हातगाडीच्या दांडीवर बसली. ध चा मा कसा होतो ते लक्षबाईंनी आजवर नुसतं ऐकलं होतं. वेळ सांगितली आणि माणसं मोजली गेली.

ही बाई म्हणजे घराची धाकटी सून. सगळं बेट तिला धाकटी म्हणूनच ओळखायचं, आणि भिंतीला भिंत लागून तिच्या जाऊबाईंचं घर, त्या थोरली. धक्क्यापासून घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. तेवढ्यात धाकटीनं सगळं सांगून टाकलं, कारण तिचं तोंड फुटलं की धरण फुटल्यासारखं फुटायचं. थोरलीकडे पाहुण्यांची रीघ. धाकटीनं गेल्या वर्षी आपल्या मोठ्या खोलीला चुना मारून पाटी लावली, तेव्हापासून मोजून तीन माणसं आली, त्यातली दोन थोरलीचं घर समजून. तिचा नवरा मासेमारी करतो. होडी एक आणि खलाशी दोन, तरी लोक त्याला कप्तान म्हणतात. त्याची जाळी पूर्वी त्याच मोठ्या खोलीत असायची, आणि वर्षभर तो ती परत आत टाकायच्या गोष्टी करत होता. परवा पाच पावण्यांचा फोन आला तेव्हा कुठे तो म्हणाला, "ठीक आहे. पाच खाटा टाकतेस ना? पाचही वापरल्या गेल्या तर खोली तुझी. नाही तर बुधवारी मी समुद्रावरून आलो की जाळी आत." आणि रविवारी तो निघून गेला.

"आणि मी गावभर सांगून बसले," धाकटी म्हणाली.

खोली खरंच छान होती. पाच खाटा, पाच पांढऱ्या चादरी, पाच उशांचे अभ्रे इतके कडक इस्त्री केलेले की त्यांवर पत्र लिहावं. पाच टॉवेल दोरीवर ओळीनं. अंगणात ताडपत्रीखाली जाळ्यांचा ढीग पडलेला आणि त्यावर एक मांजर. चुलीवर पाच जणांचा भात. कुंपणापलीकडे थोरली उभी होती. ती दोरीवरचे टॉवेल मोजत होती हे तिच्या ओठांवरून कळत होतं.

"एकच का गं?" थोरलीनं विचारलं.

 धाकटीनं आत जाऊन चुलीवरचं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं.

लक्षबाईंना वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलायचं, त्याहून जास्त राग आला. चूक आपली नाहीच. तीस वर्षांत ज्या शब्दावर कोणी बोट ठेवलं नाही तो शब्द एका बाईनं वाऱ्यात उभं राहून ऐकला, यात बोलणाऱ्याचा काय दोष? त्यांनी हे धाकटीला जेवताना दोनदा ऐकवलं. धाकटी म्हणाली, "मी पावणे पाच ऐकलं, तुम्ही पावणेपाच बोललात. कान माझे बरोबर आणि तोंड तुमचं बरोबर. मग भात कोणी खायचा?" तो शेवटी थोरलीच्या घरी गेला, आणि उरलेला मांजराला.

लक्षबाई दाराजवळच्या खाटेवर निजल्या. नवऱ्याचा फोन आला. "साखर कुठंय?"

"डब्यात."

"कुठल्या डब्यात?"

"ज्यावर साखर लिहिलंय त्या."

मग बराच वेळ त्यांना झोप लागली नाही. चार रिकाम्या खाटा शेजारी. पाहुणी म्हणून एक व्हायला आले आणि इथंही पाचांचा संसार मांडून ठेवलाय, या विचारानं त्यांना आधी हसू आलं आणि मग नाही आलं.

मंगळवारी त्या बेट बघायला निघाल्या. बघायला काही नाही हेच त्या बेटाचं वैशिष्ट्य. रस्ता एक, तो सगळ्या बेटाला वळसा घालून जिथून निघाला तिथंच येतो, चालत एक तास दहा मिनिटं. एक दुकान, त्यात साबण, गळ, पेन्सिली आणि दोरखंड; दुकानदार जागा असेल तेव्हा उघडं. एक शाळा, तिच्या खिडकीतून अकरा मुलांनी लक्षबाईंना बघितलं आणि बाराव्या बाईंनीही. ओहोटी लागली की किनारा लांबच लांब उघडा पडायचा, आणि उपड्या होडीवर बसून ते बघण्याशिवाय कोणाला काही काम नसावं असा सगळा थाट.

लक्षबाई त्या होडीवर बसल्या. जित्याची खोड म्हणतात ती अशी: आठ वाजून दहाला त्यांच्या मनानं घाटावरची गाडी सोडली, साडेआठला जलद, पावणेनऊला बाजारची. नऊ वाजता स्टँडवर त्यांचा आवाज काय बोलत असेल तेही त्यांना ऐकू आलं. मग कधीतरी भरती सुरू झाली, पाणी होडीपर्यंत आलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की दहापासून पुढची एकही गाडी सुटलेली नाही. त्यांनी चपला काढून पाय पाण्यात सोडले. कोणी काही विचारलं नाही. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि तसं त्यांनी मोठ्यानं बोलूनही दाखवलं, ऐकायला खेकडे होते.

आणि असं बरं वाटत असतानाच ती गोष्ट आठवली.

धाकटीनं फोनवर 'किती' एवढंच विचारलं नव्हतं. पुढचा 'ज' ऐकू आला होता. किती जण. वाऱ्यानं फक्त शेपूट नेलं होतं. स्वयंपाकघरात ते आठ कान टवकारलेले होते, आणि 'एकटीच येतेय' हे शब्द लक्षबाईंच्या घशात येऊन परत फिरले होते. या वयात, घर सोडून, एकटीच, हे चौघांसमोर म्हणायची लाज वाटली होती. एवढंच काय, 'येतेय' म्हणायच्या जागी त्या 'येतोय' म्हणाल्या होत्या, जणू मागे अख्खी वरात आहे. आणि अडलं की त्या नेहमी करायच्या तेच केलं. वेळ सांगितली.

लक्षबाई पाय पुसायचंही विसरून घरी आल्या. धाकटी अंगणात टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती जण विचारलंत. मी ऐकलं होतं. मला एक म्हणवेना."

धाकटीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "का?"

"सवय नाही."

 धाकटीनं चहा ठेवला, दोन कप. अर्धा चहा झाल्यावर तिनं डोक्यातली युक्ती बाहेर काढली. "ताई, उद्या हे आले की तुम्ही सांगा, चौघं होते, मंगळवारच्या बोटीनं गेले. चादरी मी आत्ताच चुरगाळून ठेवते. तुमच्या आवाजात सांगितलंत तर देवही विश्वास ठेवील."

मोह झाला नाही असं नाही. पण लक्षबाईंनी मान हलवली. "तीस वर्षांत न आलेली गाडी आली म्हणून सांगितली नाही. आता कशी सांगू? आणि तुमच्या जाऊबाईंनी टॉवेल मोजलेत."

"ते आहेच," धाकटीनं सुस्कारा सोडला. "खोली गेली म्हणायची."

त्या दिवशी लक्षबाई खिडकीजवळच्या खाटेवर निजल्या. पडल्या पडल्या त्यांना समुद्र दिसत होता, आणि उरलेल्या तीन खाटाही.

बुधवारी सकाळी साडेसहाला कप्तान आला. उंच, उन्हानं रापलेला, डोळ्यांत झोप. अंगणात पाऊल टाकायच्या आत त्याला कुंपणावरून बातमी मिळाली होती. तो भांडखोर माणूस नव्हता, म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं. त्यानं ताडपत्री उचलली, एक जाळं हातात घेतलं, बोटानं ताणून दाखवलं.

"हे ऊन खातं गं. आणखी चार महिने असं पडलं तर कागदासारखं फाटेल. मग मी समुद्रात काय टाकू, चादरी?" तो बायकोला म्हणाला. "मी म्हटलं होतं, पाचही खाटा वापरल्या गेल्या तर खोली तुझी. एका पावणीला मागची लहान खोली पुरते. ताईंवर माझा राग नाही."

धाकटी खाली बघत उभी होती. तिच्या हातात अजून एक कोरा टॉवेल होता. आठच्या बोटीला तास-सव्वा तास होता आणि लक्षबाईंची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. घरी चौघांनी वाट बघायला सुरुवातही केली असेल. लक्षबाईंनी त्या पिशवीकडे बघितलं, खोलीतल्या खाटांकडे बघितलं. आणि मग त्यांनी घसा साफ केला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

मांजर जाळ्यावरून उठलं. कुंपणापलीकडे थोरलीच्या हातातला झाडू थांबला. तो आवाज गावच्या स्टँडवर एकावेळी सातशे माणसं वळवायचा. इथं कुंपणापलीकडची धरून तीनच होती.

"पाहुणे पाच आलेले नाहीत. पाहुणी एक आली आहे. ती पाच रात्री राहणार आहे आणि रोज वेगळ्या खाटेवर झोपणार आहे. दाराजवळची आणि खिडकीजवळची झाली. तीन बाकी आहेत. तोपर्यंत खोली रिकामी होणार नाही, याची नोंद घ्यावी."

 कप्ताननं एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं मोजली. पाच बोटं मोजायला त्याला जरा वेळच लागला.

"म्हणजे पाचही वापरल्या जाणार," तो म्हणाला.

"तुम्ही तेवढंच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो खरं." त्यानं बायकोकडे बघितलं. ती टॉवेलमागे तोंड लपवून हसत होती, आणि रडतही असावी. "पण शनिवारपर्यंत ही जाळी कुठं टाकू मी?"

"तुमची जाळी, तुमचा प्रश्न," लक्षबाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून परत आत नेली.

मग त्यांनी घरी फोन लावला. नवऱ्यानं उचलला. "बोटीत बसलीस का?"

"नाही. मी शनिवारी येतेय."

"शनिवारी? अगं पण एकटी तिथं—"

"एकटीच. साखर सापडली का?"

"सापडली."

"मग झालं तर."

पलीकडे कुजबुज झाली, फोन हातोहात फिरला, आणि सासूबाईंचा चिरका आवाज आला. "किती दिवस म्हणालीस?"

"पाच."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "समुद्र कसा आहे?"

 पंच्याऐंशी वर्षांत या बाईला तो कोणी दाखवला नव्हता, आणि आपणही विचारलं नव्हतं, हे लक्षबाईंना फार लागलं. "मोठा आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी तुम्हाला आणते."

"नको. मलापण एकटीलाच बघायचाय," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

राहिलेले तीन दिवस कसे गेले हे विचारू नये, कारण काहीच घडलं नाही. लक्षबाई भिंतीलगतच्या खाटेवर झोपल्या, मधल्या खाटेवर झोपल्या, आणि शुक्रवारी कोपऱ्यातल्या खाटेवर. त्या खाटेचा एक पाय जरा लंगडा होता, तो धाकटीनं पुठ्ठा दुमडून नीट केला. उन्हाला भिऊन कप्ताननं गुरुवारीच जाळी उचलली आणि थोरलीच्या रिकाम्या कोठीत नेऊन टाकली. दिराला नाही कसं म्हणायचं, म्हणून थोरली काही बोलली नाही. एकदा जागा मिळाली की जाळं काय आणि माणूस काय, तिथून हलत नाही. ती अजून तिथंच आहेत.

शनिवारी धक्क्यावर हातगाडीची गरज नव्हती, तरी धाकटीनं ती आणली आणि एवढीशी पिशवी तिच्यावर ठेवून ढकलत नेली. बोट सुटताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी या. पण नीट सांगून या, ताई."

पुढच्या वर्षी लक्षबाईंनी स्वयंपाकघरातूनच फोन लावला. चौघंही होते, कोणी भाजी निवडतंय, कोणी उगाच पाणी पितंय. बेटावर वारा तसाच सुटलेला होता.

"या की, ताई. किती—" वाऱ्यानं पुढचं नेलं.

लक्षबाईंनी घसा साफ केला. स्टँडवरचा आवाज लागला, सुटा, स्वच्छ, बहिऱ्या म्हातारीलाही कळेल असा, आणि घरची म्हातारी खुर्चीत बसून ऐकतच होती.

"एक," त्या म्हणाल्या. "मी एकटी येतेय."

 पलीकडून धाकटीनं विचारलं, "कुठली खाट घालू?"